शिष्यवृत्तीचे चीज करणारे रँग्लर

दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यात १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. नात्यातील धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्या शिक्षणाला आधार दिला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून विद्यापीठाच्या परीक्षेत ते चमकले आणि परदेशी शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या रकमेवाचून केंब्रिज हे त्यांच्यासाठी स्वप्नच राहिले असते.

१८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते संयुक्तपणे पहिले आले. 'सीनियर रँग्लर' हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिपही त्यांना मिळाली. मोठ्या पगाराची नोकरी आता दुर्लभ नव्हती. परंतु डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये अध्यापन स्वीकारले. १९०२ मध्ये ते प्राचार्य झाले व दोन दशके त्यांनी ती धुरा वाहिली.

६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्ती म्हणजे केवळ गुणवत्तेचे बक्षीस नव्हे, ते समाजाचे ऋण असते, हे त्यांनी आचरणातून दाखवून दिले.