तेराव्या वर्षी संपली नाही ती गोष्ट

घोलवड स्टेशनवर उतरून चिकूच्या वाड्यांमधून कोसबाडच्या टेकडीकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. अनुताई वाघांची चार ओळींची माहितीही शाळेत पाठ केली असेल. पण बालवाडी आणि पद्मश्री एवढ्यावर त्यांना संपवू नका. त्यांची गोष्ट तुमच्याहूनही लहान वयात सुरू होते.

जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य! आज त्या वयाची मुलगी सातवी-आठवीत असते. तेव्हा मात्र अशा मुलीचं आयुष्य संपलं असंच सगळे धरून चालत. ती घरात राबणार आणि लोकांच्या नजरा चुकवत जगणार, हे ठरलेलं. अनुताईंच्या आई-वडिलांनी ते मानलं नाही. मुलीच्या शिक्षणाला त्यांनी पाठबळ दिलं. तुझं काही संपलेलं नाही, हे घरातून कळणं किती मोठी गोष्ट आहे, ते ज्याला कळलं नाही त्याला विचारा.

पुढे त्या शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत शिकवता शिकवता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. नोकरी पक्की, शहर ओळखीचं. आयुष्य तसंच सरलं असतं, तरी कुणी नावं ठेवली नसती.

पण १९४५ मध्ये एका शिबिरासाठी त्या गेल्या आणि तिथे भेटल्या ताराबाई मोडक. अनुताई पस्तिशीच्या, ताराबाई त्रेपन्नच्या. गुरू म्हणा, थोरली बहीण म्हणा, मला तर मैत्रीणच म्हणावंसं वाटतं. ताराबाईंचाही संसार मोडला होता. त्यातून उठून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम उभं केलं होतं. मोडलेल्या घरानंतरही माणूस उभं राहतं, याचा चालताबोलता पुरावाच समोर होता. पुण्याची नोकरी मागे राहिली.

बोर्डीत पहिली अडचण साधीच होती: मुलं येईनात. हाच भाग त्या वर्षी वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याने पेटलेला होता. आई-बाप सावकार-जमीनदाराला भिऊन जगलेले, आणि पोरं भीतीसुद्धा घरातूनच शिकतात. त्यात थोरल्या भावंडाच्या कडेवर धाकटं. मग या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी दिसणाऱ्या ‘अंगणवाडी’ची कल्पना इथली आहे बरं का! मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, आणि हे सगळं आईच्या डोळ्यांदेखत. ढोरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळा कुरणात गेली. कडेवरच्या धाकट्याला पाळणाघर मिळालं, तेव्हा कुठे थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे झाले.

१९५७ मध्ये काम कोसबाडला आलं. दोघींचं सगळं पटत असेल असं समजू नका. इतकी वर्षं एकत्र काम करणाऱ्यांचं तसं कधी होतं का? पण साथ सुटली नाही.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. पुण्याला परत जायला कुणी अडवलं नसतं. त्या गेल्या नाहीत. २७ सप्टेंबर १९९२ ला निधन होईपर्यंत, आणखी एकोणीस वर्षं, त्या या टेकडीच्याच राहिल्या.