स्वतःचं रीडिंग घेणारा डॉक्टर

गेल्या सेमिस्टरला आमच्या बॅचने गवती चहाचं तेल काढण्याचं प्रॅक्टिकल केलं. केलं म्हणजे काय, तर दोघांनी केलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. दोनशे ग्रॅम ताज्या पातीतून दहा मिलिलिटर तेल, असं रीडिंग सगळ्यांच्या जर्नलमध्ये झळकलं. सर रागावले नाहीत. ताज्या गवती चहात तेल साधारण अर्धा टक्का असतं, एवढंच त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खडू ठेवून ते निघून गेले. अर्धा टक्का म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर. कुणीतरी दशांश चिन्ह द्यायला विसरला होता, आणि अख्ख्या बॅचने ती चूक सुवाच्य अक्षरात उतरवली होती. त्यात मीही होतो.

त्या शरमेपोटी मी लायब्ररीत सुगंधी तेलांवर वाचायला बसलो आणि वाचता वाचता गार्सिया द ओर्ता या माणसापाशी येऊन थांबलो. सोळाव्या शतकातला हा पोर्तुगीज डॉक्टर. इतिहासवाल्यांना तो चांगला ठाऊक आहे, पण आपल्या शाखेत त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी रोह्याचा. आमची कुंडलिका गावाला वळसा घालून पश्चिमेला जाते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. मुखाच्या एका अंगाला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा आम्ही तिथे फक्त फोटो काढले. ओर्ताच्या काळात मात्र हे चौलचं नावाजलेलं बंदर होतं. थोरलं चौल अहमदनगरच्या निजामशहाचं आणि किनाऱ्यावरचा कोट पोर्तुगीजांचा. ओर्ताच्या पुस्तकात चौलचं नाव येतं ते वाचलं, आणि हा माणूस मला एकदम शेजारच्या गावचा वाटायला लागला.

त्याचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीवरच्या गावात झाला. आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा ते पोर्तुगालला आले. तिथेही १४९७ मध्ये सक्तीने बाप्तिस्मा. कागदावर ख्रिस्ती आणि लोकांच्या नजरेत संशयित, अशा घरात गार्सिया वाढला. सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, गावात प्रॅक्टिस केली आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. एवढं सगळं जमलेलं असताना १५३४ मध्ये तो मार्तिम अफोन्सो द सौझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून जहाजावर चढला आणि गोव्यात उतरला. दोन-अडीच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं. तो कशाला पळाला हे यावरून समजावं.

गोव्यात त्याचा जम बसला. व्हाइसरॉयपासून इस्पितळातल्या गरिबांपर्यंत सगळ्यांना त्याने तपासलं. जोडीला औषधी मालाचा व्यापारही केला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण आणि स्नेही होता. शहाने दरबारी राहण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, पण ओर्ताने ती नाकारली. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं. होय, आपली मुंबई! तिथे त्याचं घर होतं, बाग होती आणि वर्षातून दोनदा फळणारा आंबा होता, असं त्याने लिहून ठेवलंय.

पण त्याचं खरं काम म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेलं पुस्तक. भारतातल्या वनस्पती आणि औषधी द्रव्यांवरचे हे संवाद आहेत, पन्नासहून जास्त. एक पात्र स्वतः ओर्ता आणि दुसरं रुआनो, स्पेनहून नुकताच आलेला पुस्तकी डॉक्टर. रुआनो प्रत्येक वेळी ग्रीक आणि रोमन ग्रंथांचा दाखला देतो. ओर्ता त्याला झाडाची फांदी नाहीतर बाजारातला माल दाखवतो आणि सांगतो की डोळ्यांनी बघ, वास घे, चव घे. स्पेनमध्ये असतो तर या जुन्या ग्रंथकारांविरुद्ध बोलायची माझी हिंमत झाली नसती, हेही तो मोकळेपणाने कबूल करतो. म्हणजे सिनिअरचं जर्नल न उतरवणारा माणूस!

कापराचंच उदाहरण घ्या. तेव्हा बाजारात दोन प्रकारचा कापूर यायचा, एक चीनचा आणि एक बोर्निओ-सुमात्राकडचा. दुसरा कितीतरी पट महाग. दोन्ही एकच म्हणून विकणारे पुष्कळ. ओर्ताने व्यापाऱ्यांना विचारलं, माल हाताळला आणि दोन्हींतला फरक मांडला. आज रसायनशास्त्र सांगतं ते असं. बोर्निओचा कापूर म्हणजे मुख्यतः बोर्निऑल, तो तिथल्या एका उंच वृक्षाच्या खोडातच खड्यांच्या रूपाने सापडतो. आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो तो मूळचा हा. चिनी कापूर वेगळ्या झाडाचा, दालचिनीच्या कुळातला, आणि लाकूड वाफवून काढलेला. देवघरातल्या आजच्या वड्या बहुतेक कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतात.

दालचिनीचंही तसंच. मोठाले पक्षी या काड्या आणून घरटी बांधतात आणि लोक युक्तीने त्या मिळवतात, असं ग्रीकांच्या हेरोडोटसने लिहून ठेवलं होतं. ओर्ताने सरळ सांगितलं की ही सिलोनमधल्या एका झाडाची साल आहे. माल लांबून येत होता आणि मूळ कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून दंतकथा वाढल्या. आज आपण सालीच्या तेलातलं सिनॅमाल्डिहाइड आणि त्याच झाडाच्या पानांच्या तेलातलं युजेनॉल वेगवेगळं मोजू शकतो. लवंगेतही हेच युजेनॉल. दातांचे डॉक्टर ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाढेत भरतात तेव्हा आपल्याला आजीची लवंग आठवते.

त्याला शास्त्र कळलं ते नुसत्या युरोपीय पंडितांकडून नाही. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, व्यापारी, माळी या सगळ्यांना तो विचारत राहिला आणि एकेका वस्तूची नावं चार-पाच भाषांत लिहीत गेला. बागेतून झाडपाला आणून देणारी अंतोनिया नावाची दासी त्याच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. तो काही संत नव्हता. घरात गुलाम होते आणि इथल्या वैद्यांबद्दल तो कधी कधी तुसडेपणाने लिहितो. पण पटकीच्या उपचारात इथल्या लोकांची रीत काय हे त्याने नीट नोंदवलं आणि त्या रोगाचं इथलं नावही लिहिलं. ते नाव म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं मोर्देशी झालं आणि त्याच रूपात तो शब्द युरोपात गेला.

आणखी एक गंमत. माझं आजोळ पेणला. मामी तिकडून दर वर्षी आमसुलं पाठवते. त्याच फळाला गोव्यात भिरंड म्हणतात आणि ओर्ताने त्याची नोंद ब्रिंदोंइश या नावाने केली आहे. कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया असल्याने ते ओर्ताच्याच नावावरून पडलं असं मी दोन मित्रांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. नंतर तपासलं तर ते नाव अठराव्या शतकातल्या लॉरां गार्सां या निसर्गअभ्यासकाचं निघालं. पुन्हा तीच चूक, न बघता उतरवायची!

या पुस्तकात छपाईच्या चुकाही भरपूर होत्या, शेवटी पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं. तरी त्याचं नाव झालं. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये अँटवर्पला प्रसिद्ध केला आणि युरोपभर डॉक्टर तो वाचू लागले. पोर्तुगालचा महाकवी कामोइंश याची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे.

आता दुसरी बाजू. लिस्बनमध्ये अटकेत पडलेल्या आई आणि बहिणी सुटून गोव्याला त्याच्याकडे आल्या होत्या. पण १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही पोचलं. कापूर खरा की खोटा हे छातीठोकपणे सांगणारा हा माणूस घरात मात्र दार लावून आपला जुना धर्म पाळत होता. पुस्तक छापायला या धर्मन्यायालयाचाही परवाना लागला. प्रत्येक पानावर खरं लिहिणाऱ्याला स्वतःबद्दल एक ओळही खरी लिहिता आली नाही. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आलं. नातेवाइकांच्या जबान्यांतून ओर्ताचं गुपित बाहेर आलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून तीही जाळली. हे सगळं कागदोपत्री उजेडात यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आज पणजीच्या मध्यभागी त्याच्या नावाची बाग आहे. कबर नाही, बाग आहे.

हे वाचून झाल्यावर मी पुन्हा लॅबमध्ये गेलो. सरांची परवानगी घेतली आणि गावाहून आणलेली गवती चहाची पात चिरून फ्लास्कमध्ये भरली. सिट्रालचा उत्कलनबिंदू सव्वादोनशेच्या पुढे आहे. पण पाणी आणि तेल यांचे बाष्पदाब एकत्र येतात, त्यामुळे शंभराच्या आतच वाफेबरोबर तेलही निघून येतं. पुस्तकात हे वाक्य दहादा वाचलं होतं. थेंब पाण्यावर जमायला लागला तेव्हा ते कळलं. तीन तास उभा होतो. मेस बंद झाली आणि रूममेटने डब्यात चार पोळ्या राखून ठेवल्या.

जाता जाता हॉस्टेलवाल्यांसाठी दोन गोष्टी. सर्दी झाली की ही तेलं बाटलीतून थेट त्वचेवर चोळू नका, खोबरेल नाहीतर दुसऱ्या साध्या तेलात पातळ करा. कापूर पोटात गेला तर विषारी आहे, लहान मुलांना तर फारच, तेव्हा घरी पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. ही तेलं नैसर्गिक आहेत म्हणून निरुपद्रवी आहेत, हेसुद्धा असंच न तपासता उतरवलेलं वाक्य आहे.

माझं रीडिंग आलं शून्य पूर्णांक आठ मिलिलिटर. फळ्यावरच्यापेक्षाही कमी. पात दोन दिवस पिशवीत पडून होती आणि झाकणातून थोडी वाफ निसटत होती, ही कारणंही मी खाली लिहिली. सरांनी सही केली आणि शेजारी मार्क दिले, दहापैकी सात. बॅचमध्ये आता सगळ्यांत कमी तेल माझंच आहे. पण ते मी काढलेलं आहे.