विश्लेषण : हेलसिंकीत १० गोल खाल्ले, १० वर्षांनी सुवर्ण जिंकले! बेभरवशाच्या बचावावर रहीम यांनी कसा मार्ग काढला?

बचावफळी एका सामन्यात भिंतीसारखी उभी राहते आणि पुढच्या सामन्यात तिची चाळणी होते. असा संघ सामने जिंकू शकतो का? फुटबॉलप्रेमींमध्ये हा वाद दर हंगामात रंगतो. त्याचे एक उत्तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासातच आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने १९५१ मध्ये एकही गोल न स्वीकारता आशियाई सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये एका सामन्यात १० गोल खाल्ले. आणि १९६२ मध्ये ५ पैकी ४ सामन्यांत गोल स्वीकारूनही पुन्हा सुवर्ण पटकावले. हे कसे घडले, जाणून घेऊ.

कोण होते रहीम?

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादमध्ये झाला. तेव्हा गेवराई तालुक्यातील चकलांब्यासह सगळा बीड जिल्हा निजामाच्या याच राज्यात होता. पेशाने ते शाळाशिक्षक होते. पुढे ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाने मुंबईतील मानाचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग ५ वेळा जिंकला. ‘मैदान’ या २०२४ च्या चित्रपटात अजय देवगणने साकारलेली भूमिका त्यांचीच.

एका वर्षात भिंतीची चाळणी कशी झाली?

दिल्लीत १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. बचाव अभेद्य आहे, असेच कुणालाही वाटले असते.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये समोर युगोस्लाव्हिया आला. भारताचे अनेक खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते आणि मागे दोनच बॅक होते. निकाल लागला १-१०. युगोस्लाव्हियाने त्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकले. म्हणजे बचाव एका वर्षात बिघडला नव्हता. त्याची खरी परीक्षा तोवर झालीच नव्हती.

या पराभवानंतर भारतीय संघात बूट अनिवार्य झाले. रहीम यांनी दोन बॅकची जुनी रचना सोडून तीन बॅक खेळवायला सुरुवात केली.

मेलबर्नमध्ये काय बदलले?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन बीड जिल्हा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी हॅट्ट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि भारत उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश ठरला.

बचावाने इथेही २ गोल दिलेच होते, पण आघाडीच्या फळीने ४ केले. उपांत्य सामन्यात मात्र डिसूझा यांनी आघाडी मिळवून दिल्यावरही युगोस्लाव्हियाने ४-१ अशी बाजी उलटवली. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा आला.

आकडे काय सांगतात?

प्रत्येक सामन्यात सरासरी किती गोल खाल्ले, हे पाहू.

– हेलसिंकी १९५२ : १ सामना, १० गोल. सरासरी १०.
– मेलबर्न १९५६ : ३ सामने, ९ गोल. सरासरी ३.
– रोम १९६० : ३ सामने, ६ गोल. सरासरी २.
– जकार्ता १९६२ : ५ सामने, ६ गोल. सरासरी १.२.

जकार्तात समोर फक्त आशियाई संघ होते, हे लक्षात घ्यायला हवे. तरी रोममध्ये कांस्यपदक विजेत्या हंगेरीकडून भारत फक्त १-२ ने हरला आणि फ्रान्सला त्याने १-१ असे रोखले. बचाव पक्का झाला नव्हता, पण कोसळायचा थांबला होता.

जकार्तात नेमके काय घडले?

१९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरला. मग थायलंडला ४-१ ने हरवले, पण त्याच सामन्यात बचावाचा कणा असलेला जर्नेल सिंग डोक्याला दुखापत होऊन टाके पडल्याने बाहेर गेला. त्याच्याशिवाय जपानला २-० ने नमवले.

उपांत्य सामन्यात रहीम यांनी धाडसी निर्णय घेतला. जर्नेलला परत आणले, पण बचावात नव्हे, थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून. सर्वात भरवशाचा बचावपटू पुढे पाठवणे वरवर उफराटे वाटते. गणित मात्र सोपे आहे. बचावपटूची एक चूक म्हणजे गोल. आघाडीवीराने चार संधी वाया घालवून पाचवी साधली, तरी तो नायक ठरतो. जखमी डोक्याच्या खेळाडूला पुढची जागा जास्त सोयीची होती.

दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला आणि त्यात एक गोल जर्नेलचा होता. ४ सप्टेंबर १९६२ च्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया समोर आला. प्रेक्षकही विरोधात होते. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्याचा तो राग होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी सुरुवातीच्या टप्प्यातच दोन गोल केले. शेवटी कोरियाने एक फेडला, पण भारत २-१ ने जिंकला. गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको या संघात हाफबॅक होते.

मग वादाचे उत्तर काय?

बेभरवशाचा बचाव असूनही स्पर्धा जिंकता येते, पण दोन अटींवर. आघाडीची फळी जास्त गोल करणारी हवी आणि प्रत्येक पराभवानंतर चूक शोधून रचना बदलण्याची तयारी हवी. मेलबर्नमध्ये दुसरी अट पाळूनही पहिली अपुरी पडली, कारण ३ सामन्यांत भारताचे गोल फक्त ५ होते. जकार्तात ५ सामन्यांत ११ गोल झाले.

जकार्ताच्या विजयानंतर वर्षभरातच, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी रहीम यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही.

गावातल्या संघाला यातून काय घेता येईल?

रहीम खेळाडूंसाठी फक्त कमजोर पायाने खेळायच्या आणि ड्रिबलिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवत. त्यातून दोन्ही पाय तयार होत आणि चेंडू पटकन सोडायची सवय लागे. बचावातली गडबड बहुतेकदा याच दोन गोष्टींमुळे होते. या सरावाला स्टेडियम लागत नाही. चकलांब्यातल्या शाळेच्या मैदानावर एक चेंडू आणि शिट्टी घेऊन तो उद्या सकाळीही सुरू करता येईल.