सिकंदराबादला कधीच न आलेल्या नाइटिंगेलबाई

काचीगुडा (हैदराबाद) : नांदेड, उमरी, धर्माबादकडून येणाऱ्या गाडीतून काचीगुड्याला उतरणाऱ्यांत माजी सैनिक हमखास दिसतात. हातात फायलीची पिशवी, सोबत घरची मंडळी आणि पुढचा रस्ता तिरुमलगिरीच्या मिलिटरी हॉस्पिटलचा. परवा स्टेशनबाहेर चहा घेताना धर्माबादकडचे एक निवृत्त हवालदार भेटले. त्यांच्या शुगरचा सगळा हिशेब काकूंच्या वहीत होता. तारीख, वेळ, किती आली, इंजेक्शन किती दिलं, सगळं ओळीत. ही वही कशी लिहायची हे तिथल्या सिस्टरने शिकवलं, असं काकूंनी सांगितलं. हवालदारकाकांनी वर भर घातली की फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्याच छावणीत काम केलं होतं.

ही गोष्ट हैदराबादेत पुष्कळांच्या तोंडी आहे. तिरुमलगिरीच्या जुन्या लष्करी दवाखान्याची इमारत दाखवून ती सांगितली जाते. १२ मे आला, म्हणजे परिचारिका दिन आला, की मोबाइलवर फिरते. पण खरं असं की नाइटिंगेलबाई सिकंदराबादलाच काय, हिंदुस्थानातच कधी आल्या नाहीत. तरीही काकूंच्या त्या वहीशी त्यांचं नातं आहे. ते कसं, हे कळायला त्यांचं आयुष्य मुळापासून बघावं लागतं.

श्रीमंत घरची मुलगी

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. शहराचंच नाव मुलीला ठेवलं. आईवडील इंग्रज, घरी भरपूर पैसा. वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला मात्र आकडेमोडीची ओढ. सतरा वर्षांची होण्याच्या सुमारास तिला वाटलं की देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावलंय. पुढे तिने नर्स व्हायचं म्हटलं तेव्हा घरात वादळ उठलं. त्या काळी इंग्लंडमध्ये दवाखान्यातली नर्स म्हणजे न शिकलेली, दारू पिणारी बाई, असाच समज होता. मोठ्या घरच्या मुलीने तिकडे फिरकू नये, असा आई-बहिणीचा हट्ट. लग्नाची चांगली स्थळं तिने नाकारली. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत तिला तीन महिने शिकायला मिळालं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या छोट्या दवाखान्याचा कारभार तिच्या हाती आला.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरलं. जखमी सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून आले आणि इंग्लंडमध्ये संताप उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंच्या ओळखीचे. त्यांच्या सांगण्यावरून बाई ३८ नर्सेस घेऊन ऑक्टोबरात निघाल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचल्या.

तिथे गटारं तुंबलेली, हवा कोंडलेली, अंथरुणात उवा. सैनिक जखमांनी कमी आणि हगवण, कॉलरा, टायफसने जास्त मरत होते. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचाराखालच्या शंभरांतले ४२ दगावत होते. मार्चमध्ये सरकारचं स्वच्छता कमिशन आलं, गटारं धुतली गेली, हवा खेळती झाली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनवर आलं. या सुधारणेचं मोठं श्रेय त्या कमिशनला जातं. बाई स्वतःही ते त्यांनाच देत. रात्री दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून त्यांचं चित्र घरोघरी लागलं, पण त्यांचा दिवसभराचा वेळ जायचा कपडे, भांडी, साबण, औषधं यांचा साठा मोजण्यात आणि वरिष्ठांशी भांडून तो मिळवण्यात.

आपल्याकडे फारसं न सांगितलं जाणारं काम पुढेच आहे. सैन्याबरोबर सैनिकांच्या बायकाही आल्या होत्या. नवरे आघाडीवर किंवा मेलेले, आणि या बाया-पोरं दवाखान्याच्या तळघरात अंधारात पडलेली. बाईंनी एक घर भाड्याने घेतलं, पाणी तापवायला मोठी भांडी बसवली आणि धुलाईचं काम याच बायकांना मजुरीवर दिलं. रुग्णांना स्वच्छ कपडे मिळाले, बायकांच्या हाती पैसा आला.

सैनिकाचा पगार दारूत जातो, त्याला घरची पर्वा नसते, असं अधिकारी म्हणत. बाईंनी सैनिकांचे पैसे घेऊन त्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. पुढे सरकारनेही त्यासाठी कचेऱ्या उघडल्या. सहा महिन्यांत सुमारे ७१ हजार पौंड घरोघरी गेले. सोय केली तर सैनिक घरी पैसे पाठवतो, हे आकड्याने दाखवून दिलं. मेलेल्या सैनिकांच्या घरी पत्रंही त्या स्वतः लिहीत. सैनिकाची सेवा म्हणजे त्याच्या घरच्यांचीही सेवा, हे त्यांनी तिथे करून दाखवलं.

वही आणि आकडे

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हाला बाई तापाने मरता मरता वाचल्या. त्या दुखण्याने पुढे त्यांना कायमचं धरलं. १८५६ मध्ये परतल्यावर उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनी खोलीत, बऱ्याचदा अंथरुणातच काढला. पण काम थांबलं नाही.

प्रस्तुत बातमीदार कॉमर्सचा पदवीधर आहे, म्हणून हा भाग जास्त भावतो. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून बाईंनी सैन्यातल्या मृत्यूंचा ताळेबंद मांडला. युद्ध नसताना, इंग्लंडमध्येच बराकीत राहणारे तरुण सैनिकसुद्धा त्याच वयाच्या बाहेरच्या लोकांच्या जवळपास दुप्पट मरत होते. मंत्री लोक तक्ते वाचत नाहीत हे ओळखून त्यांनी रंगीत चक्राकार आकृत्या काढल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला.

लोकांनी त्यांच्या नावाने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमवला होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंग शाळा सुरू झाली. वर्षभराचं प्रशिक्षण, राहायला जागा, शिस्त आणि प्रत्येकीच्या प्रगतीची लेखी नोंद. चांगुलपणा असला की नर्स होता येतं, ही समजूत त्या शाळेने मोडली. १८६९ मध्ये नेटलीच्या मोठ्या लष्करी दवाखान्यात जेन डीबल या नर्सेसच्या प्रमुख झाल्या. त्या सैन्यातल्या डॉक्टरच्या विधवा होत्या. म्हणजे सैनिकी घरातली बाईच शिकून सैनिकांच्या सेवेला उभी राहिली.

शाळा सुरू झाली त्याच सुमारास नोट्स ऑन नर्सिंग हे त्यांचं पुस्तक आलं. ते नर्सेससाठी नव्हतं, घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या साध्या बायकांसाठी होतं. खिडकी कधी उघडायची, जेवण कधी द्यायचं, आजाऱ्यात काय काय बघून लक्षात ठेवायचं, असं सगळं त्यात आहे.

सिकंदराबादचे कागद

आता आपल्या भागाकडे येऊ. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये रॉयल कमिशन बसलं. बाई कमिशनच्या सभासद नव्हत्या, स्त्रीला ती जागाच नव्हती. पण लष्करी ठाण्यांना पाठवलेली प्रश्नावली तयार करण्यात त्यांचा हात होता आणि आलेल्या उत्तरांचे गठ्ठे लंडनला त्यांच्या खोलीत जाऊन पडले. त्यात सिकंदराबादचेही कागद होते. बाई इथे आल्या नाहीत, इथली छावणीच कागदावर त्यांच्याकडे गेली.

१८६३ चा अहवाल दोन हजार पानांच्या आसपासचा. हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू, हा त्यातला आकडा. कारणं तीच : घाण पाणी, गटारांचा अभाव, बराकीत दाटी, दारू. दहा वर्षांनी बाईंनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा तो आकडा १८ वर आलेला होता. पण त्यांना एक गोष्ट पटली होती. छावणीच्या भिंतीबाहेरचं गाव आजारी असेल तर आतला सैनिक धड राहणार नाही. म्हणून पुढची तीसेक वर्षं त्या इथल्या खेड्यांचं पाणी, दुष्काळ, कालवे यांवर लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रोगजंतूंचा सिद्धांत मान्य करायला त्यांनी फार वेळ लावला. स्त्रियांनी डॉक्टर होण्याबाबत त्या बरीच वर्षं थंडच होत्या. आणि हिंदुस्थानातल्या दवाखान्यांसाठी १८६५ मध्ये त्यांनी नर्सिंगच्या सूचना लिहून दिल्या, तरी लष्करी दवाखान्यांसाठी शिकलेल्या दहा नर्सेसची पहिली तुकडी मुंबईला उतरायला १८८८ उजाडलं. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची उभी राहिली. आज पुण्याच्या एएफएमसीच्या नर्सिंग कॉलेजातून मुली थेट लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडतात.

धागा मराठी घरापर्यंत

समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचं चरित्र दयाराम गिदुमल यांनी लिहिलं, त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची. याच दोघांनी पुढे १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढलं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि मराठी घरांतल्या मुलींना, विधवांना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं. नर्स होणं कमीपणाचं, हा लंडनमधला समज पुण्यातही तसाच होता. तो मोडायला इथेही प्रशिक्षणच कामी आलं.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, बाई लंडनला वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनाचा मान देऊ केला होता, घरच्यांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यात त्यांची कबर आहे.

तेव्हा बाई तिरुमलगिरीला आल्या होत्या, हा मेसेज यंदा पुढे ढकलू नये. इमारतीला त्यांचे पाय लागले नाहीत म्हणून तिची किंमत कमी होत नाही. तिथली सिस्टर सैनिकाला तपासते, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला वही लिहायला शिकवते. धर्माबादच्या काकूंनी त्या दिवशी चहा संपवला, वही पिशवीत नीट घातली, आणि दोघं तिरुमलगिरीच्या बसकडे निघाले.