चित्रकर्ती उएमुरा शोएन

सुंदर स्त्रियांची चित्रे हा जपानी चित्रकलेतील एक जुना व लोकप्रिय प्रकार. त्याला तेथे ‘बिजिनगा’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उतामारोसारख्या चित्रकारांनी लाकडी ठशांच्या छापांतून तो घराघरांत नेला. परंतु या चित्रांतील नायिका पुष्कळदा गणिका असे, आणि चित्र काढणारा, विकणारा व विकत घेणारा बहुधा पुरुष. विसाव्या शतकात या प्रकाराचे अंतरंग पालटले, त्याचे मोठे श्रेय क्योतोच्या उएमुरा शोएन या चित्रकर्तीकडे जाते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७५ चा; मूळ नाव त्सुने. जन्मापूर्वी दोनच महिने वडील वारले. आई नाकाको हिने पुन्हा लग्न न करता पतीचे चहापत्तीचे दुकान चालविले आणि दोन्ही मुली वाढविल्या. या माउलीला वाचनाचा नाद होता. पैसे भरून पुस्तके घरी नेऊ देणारी दुकाने त्या काळी क्योतोत होती. तेथून ती जुन्या कादंबऱ्या आणी. आई मजकूर वाची आणि लेक त्यांतील होकुसाईची चित्रे गिरवीत बसे. शोएन यांची पहिली चित्रशाळा ही अशी उसन्या पुस्तकांची होती, हे ग्रंथालयाच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

बाराव्या वर्षी मुलीला चित्रशाळेत घातले तेव्हा आप्तांनी नाके मुरडली. मुलींनी शिवण शिकावे, चहाचे उपचार शिकावेत, अशी तेव्हाची रीत. आईने कोणाचेही ऐकले नाही. सुझुकी शोनेन हे पहिले गुरू. त्यांनीच आपल्या नावातील पहिले अक्षर देऊन तिला ‘शोएन’ केले. पुढे कोनो बायरेई आणि ताकेउची सेइहो यांच्याकडेही त्यांचे शिक्षण झाले.

१८९० साली तोक्योच्या औद्योगिक प्रदर्शनात या पंधरा वर्षांच्या मुलीने चार ऋतूंतील चार स्त्रियांचे चित्र मांडले. त्याला पारितोषिक मिळाले, आणि ते विकत घेतले ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी. हे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव १८८६ पासून मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते आणि ते पद सोडून जपानमार्गे मायदेशी निघाले होते. आपल्या मुलखातून गेलेल्या या पाहुण्याने शोएनचे नाव क्योतोभर केले, हा एक योगायोगच.

कीर्तीबरोबर मत्सरही आला. १९०२ साली त्यांना पुत्र झाला, विवाहावाचून. पिता कोण, हे त्यांनी जन्मभर सांगितले नाही. लोक पहिल्या गुरूंकडे बोट दाखवीत राहिले. त्या काळच्या क्योतोत एकट्या स्त्रीला हे किती जड गेले असेल, याची कल्पना करणे आपल्या समाजाला कठीण नाही. मूल सांभाळले आजीने, चूल सांभाळली आजीने. शोएन यांनी कुंचला सांभाळला. १९०४ साली त्यांनी कामेयू या गणिकेचे चित्र प्रदर्शनात ठेवले. परकीय गिऱ्हाइकाकडे जाण्यापेक्षा प्राण देणारी ही मानी स्त्री. तिच्या चेहऱ्यावर कोणीतरी पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या. व्यवस्थापकांनी गुपचूप दुरुस्ती सुचविली. शोएन यांनी साफ नकार दिला. चित्र तसेच टांगलेले राहावे, क्योतोकरांनी ते पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी क्षण हाच.

त्यांच्या चित्रांतील स्त्रिया शांत, निर्मळ. अपवाद १९१८ च्या ‘होनोओ’ म्हणजे ‘ज्वाला’ या चित्राचा. गेंजीच्या कथेतील मत्सराने जळणारी रोकुजो येथे केसांची बट दातांत धरून मागे वळून पाहते; वस्त्रावर वेलीच्या फुलांसोबत कोळ्याची जाळी. ‘नो’ नाट्याच्या एका आचार्यांनी सुचविल्यावरून शोएन यांनी डोळ्यांच्या पांढऱ्या भागामागे, रेशमाच्या पाठच्या बाजूने, सोनेरी रंग भरला. त्यामुळे त्या नजरेत माणसापलीकडचे काही येते. असे चित्र त्यांनी पुन्हा काढले नाही.

१९३४ साली आई गेली. त्याच वर्षी ‘माता आणि मूल’ हे चित्र झाले. त्यातील आईच्या भुवया जुन्या रीतीप्रमाणे काढलेल्या आहेत. भुवया काढल्यावर राहणारी ती निळसर छटा शोएन यांना आईच्या चेहऱ्यावरची म्हणून प्रिय होती, इतकी की १९४३ च्या आपल्या लेखसंग्रहाच्या नावातही त्यांनी ती आणली. १९३६ च्या ‘जो नो माई’ या भव्य चित्रात ‘नो’ नृत्याच्या संथ आरंभी पंखा धरून उभी असलेली तरुणी आहे; त्यासाठी त्यांनी आपल्या सुनेला समोर उभे केले. ते चित्र १९६५ साली जपानच्या टपाल तिकिटावर आले.

१९४८ साली जपानचा ‘संस्कृती सन्मान’ त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्टला, नारा येथे त्या निवर्तल्या. मुलगा शोको हाही मोठा चित्रकार झाला आणि १९८४ साली तोच सन्मान त्याच्याही वाट्याला आला.

उतारवयातील त्यांच्या चित्रांत गणिका नाहीत, राजकन्याही क्वचितच. १९४१ च्या ‘संध्याकाळ’ या चित्रात एक गृहिणी कागदी सरकते दार किंचित उघडून, मावळत्या उजेडात सुईत दोरा ओवते आहे. दिवा लावण्याआधी तेवढाच उजेड कामी आणणारी ती स्त्री चहाच्या दुकानामागच्या घरात शोएन यांनी लहानपणी रोज पाहिली होती.