हॅरी हेस आणि माझी चार रीडिंग्ज

खरं सांगतो, सर्व्हे कॅम्पला उन्हात कंटाळून मी शेवटची चार रीडिंग्ज 'कुक' करणार होतो. तेवढ्यात हॅरी हेस आठवला. १९०६ साली न्यूयॉर्कला जन्मलेला हा भूशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये 'केप जॉन्सन' जहाजाचा कप्तान होता. काम सैन्य उतरवायचं. पण पठ्ठ्यानं प्रवासात इको साउंडर चालूच ठेवला. आवाज तळाला जाऊन परतायचा वेळ गुणिले पाण्यातला वेग, भागिले दोन, झाली खोली! त्या नोंदींत सपाट माथ्याचे बुडालेले डोंगर सापडले. १९४६ मध्ये त्यानं त्यांना 'गियो' नाव दिलं. १९६२ मध्ये समुद्रतळ पसरतो, हा विचार छापला. १९६९ मध्ये तो गेला. मी मुकाट्यानं लेव्हल पुन्हा लावली.