नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र : सेनापती तात्या टोपे

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील दर्शन आटोपून शिर्डीस जाणारे आणि तेथून परतीच्या गाडीसाठी मनमाड गाठणारे भाविक कोपरगाव सोडल्यावर येवल्यातून पुढे जातात. पैठणी खरेदीसाठी पुष्कळजण तेथे थांबतातही. मात्र १८५७ च्या स्वातंत्र्यसमरातील अग्रगण्य सेनानी तात्या टोपे यांचा जन्म याच गावचा, ही गोष्ट परप्रांतातून येणाऱ्या यात्रेकरूंना क्वचितच ठाऊक असते. कानपूर, झाशी, ग्वाल्हेर या नावांशी त्यांचे चरित्र इतके निगडित झाले आहे की, ते उत्तर हिंदुस्थानातील असावेत असाच अनेकांचा समज असतो.

त्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. घराणे देशस्थ ब्राह्मणाचे व उपनाम येवलेकर. जन्म १८१४ साली झाला असे सामान्यतः मानले जाते. वडील पांडुरंगराव हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. रामचंद्र चार वर्षांचे असतानाच पेशवाईचा अस्त झाला. १८१८ च्या एप्रिल महिन्यात इंग्रजी फौजा नाशिक प्रांतात शिरल्या आणि एकामागून एक किल्ले त्यांच्या हाती पडत गेले. येवल्याहून मनमाडकडे जाताना दिसणारा अंकाई-टंकाईचा जोडकिल्ला फारसा प्रतिकार न होता गेला. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरील किल्ला त्याच महिन्यात पडला. मालेगावच्या भुईकोटाने मात्र काही आठवडे झुंज दिली. जून महिन्यात बाजीरावांनी इंग्रजांस शरणागती दिली. सालीना ८ लक्ष रुपये तनखा ठरवून त्यांना गंगातीरी कानपूरजवळ ब्रह्मावर्त अर्थात बिठूर येथे पाठविण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेल्या आश्रितांत येवलेकरांचे कुटुंब होते. गोदावरीच्या प्रांतात जन्मलेल्या या मुलाचे सारे पुढील आयुष्य गंगा, यमुना व चंबळ यांच्या काठी गेले.

येवलेकरांचे टोपे कसे झाले याविषयी दोन कथा सांगितल्या जातात. बाजीरावांनी प्रसन्न होऊन त्यांना रत्नजडित टोपी दिली, ही एक. तोफखान्याशी त्यांचा संबंध होता, त्यावरून हे नाव पडले, ही दुसरी. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब, तात्या व झाशीची पुढील राणी लक्ष्मीबाई ही बालके एकत्र खेळली, तलवार शिकली, असे चित्र शालेय पुस्तकांतून आपण पाहिलेले असते. ते मनोहर आहे, परंतु तात्या नानासाहेबांहून सुमारे दहा वर्षांनी मोठे होते आणि राणी तर त्याहूनही लहान होत्या. खेळगड्यापेक्षा वडीलधाऱ्या विश्वासू सेवकाचे नाते येथे अधिक संभवते. तात्यांनी अखेरपर्यंत स्वतःस पेशव्यांचा सेवकच मानले, हे पुढे दिसेलच.

बाजीराव १८५१ च्या जानेवारीत निवर्तले. त्यांनी विधिपूर्वक दत्तक घेतलेल्या नानासाहेबांस कंपनी सरकारने वडिलांचा तनखा नाकारला. हा एकट्या बिठूरचा प्रश्न नव्हता. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये, झाशी व नागपूर १८५४ च्या सुमारास, दत्तक नामंजूर करून खालसा झाली होती. १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य कुशासनाच्या सबबीवर घेतले गेले. हिंदू कुटुंबात दत्तकपुत्र हा पिंडदानाचा अधिकारी असतो. त्याचा हक्क नाकारणे म्हणजे केवळ दौलत घेणे नव्हे, तर धर्मात हात घालणे, अशी लोकांची भावना झाली. आपल्या मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यान्वये जुन्या सनदांची तपासणी चालविली होती. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली इनामे कागद दाखविता आला नाही म्हणून हजारोंच्या संख्येने गेली. सनद जपून ठेवण्याचे महत्त्व देवस्थानांचे काम पाहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. उत्तरेत शेतसाऱ्याचा बोजा आणि तालुकदारांचा असंतोष होता. शिपायांना समुद्रपार पाठविण्याची अट १८५६ मध्ये घालण्यात आली आणि त्यापाठोपाठ गाय व डुकराची चरबी लावल्याच्या संशयाची काडतुसे आली. काडतुसे हे निमित्त ठरले. दारू अगोदरच साठलेली होती.

१० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला, दुसऱ्या दिवशी दिल्ली हाती आली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरची पलटणे नानासाहेबांच्या झेंड्याखाली जमली. वेढ्यातून बाहेर पडलेल्या इंग्रजांची २७ जून रोजी सतीचौरा घाटावर झालेली कत्तल आणि जुलैच्या मध्यास बिबीघर येथे सुमारे दोनशे स्त्रिया व मुले यांचा झालेला वध, या घटना या लढ्यावरील डाग आहेत. त्यांत तात्यांचा वाटा किती होता याविषयी इतिहासकारांत एकमत नाही, परंतु त्या झाकून ठेवणेही उचित नाही. कानपूर परत घेतल्यावर इंग्रजांनी घेतलेला सूडही तितकाच भीषण होता.

तात्यांचे खरे कर्तृत्व या पराभवानंतर सुरू होते. तोपर्यंत कोणत्याही मोठ्या फौजेचे आधिपत्य त्यांनी केलेले नव्हते. ते ग्वाल्हेरला गेले, शिंद्यांच्या राज्यातील कंपनीची कवायती पलटणे आपल्या बाजूस वळविली, यमुनातीरी काल्पी येथे तळ केला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जनरल विंडहॅमचा पराभव करून कानपूर शहर पुन्हा घेतले. सेनापती कँबेल लखनौहून धावून आला व ६ डिसेंबर १८५७ रोजी त्याने ही फौज उधळली.

ही तारीख नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या आदल्याच दिवशी, ५ डिसेंबर रोजी, भिल्ल व ठाकूर बांधवांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला होता. त्याच सुमारास पेठ भागात उठाव होऊन हरसूलचा बाजार लुटला गेला. पकडलेल्या लोकांनी एका ब्राह्मणाच्या सांगण्यावरून आपण उठलो असे सांगितले, तेव्हा त्र्यंबकच्या ब्रह्मवृंदास रांगेत उभे करून ओळख पटविण्यात आली. आज जेथे कुशावर्तावर स्नानाच्या रांगा लागतात, त्याच गावातील ही घटना आहे. पेठच्या राजघराण्यातील भगवंतराव निळकंठराव यांना फाशी देण्यात आले. त्यापूर्वी ऑक्टोबरमध्ये सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री यास ठार केले होते. भागोजी पुढे दोन वर्षे लढत राहिले व नोव्हेंबर १८५९ मध्ये धारातीर्थी पडले. कानपूरच्या तात्यांशी या सर्वांचा प्रत्यक्ष संबंध असल्याचा पुरावा नाही. मात्र त्यांच्या जन्मभूमीत लोक शस्त्र घेऊन उठले होते, आणि ते उठले तेव्हा तात्या शेकडो कोस दूर होते.

१८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याने झाशीस वेढा घातला. राणीच्या मदतीसाठी तात्या सुमारे वीस हजार फौज घेऊन आले, परंतु १ एप्रिल रोजी बेतवा नदीकाठी त्यांचा पराभव झाला आणि काही दिवसांतच झाशी पडली. पाठोपाठ कूंच व काल्पी गेली. सर्व संपले असे इंग्रजांस वाटत असतानाच तात्यांनी आधी गुप्तपणे ग्वाल्हेरला जाऊन शिंद्यांच्या फौजेत फितुरी करून ठेवली होती. १ जून रोजी ती फौज येऊन मिळाली, जयाजीराव शिंदे आग्र्यास निघून गेले आणि ग्वाल्हेरचा बळकट किल्ला, तोफखाना व खजिना न लढता हाती आला. नानासाहेब पेशवे असल्याची द्वाही फिरली. पुढचे काही दिवस मात्र दरबार, ब्राह्मणभोजने व दक्षिणा यांत गेले आणि ह्यू रोज चालून येत असताना मोर्चेबंदी राहून गेली. या चुकीची फार मोठी किंमत मोजावी लागली. राणी लक्ष्मीबाई रणांगणी पडल्या आणि २० जूनपर्यंत ग्वाल्हेर गेले. त्या काळचे वातावरण जाणून घेऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले ‘माझा प्रवास’ अवश्य वाचावे. ते स्वतः यज्ञ व दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि या धामधुमीत सापडले होते.

यानंतरचे दहा महिने तात्यांच्या कीर्तीचे खरे कारण आहेत. जवळ किल्ला नाही, मुलूख नाही, लढाई झाली की तोफा टाकून द्यावयाच्या आणि पुढच्या संस्थानात नव्या मिळवावयाच्या. राजपुताना व माळवा या प्रांतांत ते आज येथे तर उद्या तेथे असत. त्यांच्यामागे एकाच वेळी अनेक इंग्रजी तुकड्या असत. ऑगस्टमध्ये बनास नदीकाठी शत्रू अगदी जवळ आलेला असताना ते १३ तारखेस श्रीनाथद्वार येथे श्रीनाथजींच्या दर्शनास गेले व मध्यरात्री तळावर परतले. दुसऱ्या दिवशी लढाई झाली व तोफा गमवाव्या लागल्या. पुढे दुथडी भरलेली चंबळ ओलांडून ते झालरापाटणला पोहोचले आणि तेथील राजाच्या तोफा व सैन्य घेऊन पुन्हा उभे राहिले.

त्यांचे लक्ष्य दक्षिण होते. पेशव्यांचा झेंडा नर्मदेपलीकडे गेला तर सारा महाराष्ट्र उठेल, ही त्यांची श्रद्धा होती. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यांच्यासह त्यांनी होशंगाबादच्या बाजूने नर्मदा ओलांडली. मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांची सरकारे हादरली. हेच एक वर्षापूर्वी घडते तर दक्षिण राखणे कठीण झाले असते, असे इंग्रज इतिहासकारांनीही नमूद केले आहे. तात्या मुलताई येथे पोहोचले. मुलताई म्हणजे तापीचे उगमस्थान. तेथून निघालेली तापी खानदेशातून वाहत जाते, आणि खानदेशाच्या दक्षिणेस नाशिक प्रांत. चार वर्षांच्या वयात सुटलेले गाव तेथून चारशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर होते. प्रौढपणी मायभूमीच्या इतक्या जवळ सैन्यासह ते याच वेळी आले.

परंतु कोणी उठले नाही. नागपूर प्रांत शांत राहिला. साताऱ्याचा कट व कोल्हापूरचे बंड १८५७ मध्येच मोडून निघाले होते. त्र्यंबक व पेठ येथील माणसे फाशी गेली होती. शिवाय तात्यांनी नर्मदा ओलांडली त्याच दिवसांत, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, कंपनीचे राज्य संपल्याचा राणीचा जाहीरनामा गावोगाव वाचला जात होता. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, संस्थानिकांचे हक्क राखले जातील, शरण येणाऱ्यांस क्षमा मिळेल, अशी आश्वासने त्यात होती. ज्या तक्रारींवर हा लढा उभा राहिला, त्यांतील अनेकांची दखल निदान कागदावर तरी घेतली गेली होती. थकलेल्या लोकांना एवढे पुरेसे वाटले असावे. तात्या उशिरा आले, यापेक्षा त्यांना लवकर येऊ दिले गेले नाही, असे म्हणणेच अधिक न्याय्य ठरेल. झाशी, काल्पी व ग्वाल्हेर येथे ते अडकले नसते, तर कदाचित ही वाट आधीच धरली गेली असती.

दक्षिणेकडील वाटा रोखलेल्या पाहून ते सातपुड्याच्या कडेने पश्चिमेस वळले. १ डिसेंबर रोजी छोटा उदेपूर येथे पराभव झाला, आणि जानेवारी १८५९ मध्ये सीकर येथे उरलेली फौजही विखुरली. मोजक्या सोबत्यांसह ते नरवरजवळ पाडोणच्या जंगलात मानसिंग या सरदाराच्या आश्रयास राहिले. मानसिंगाचे शिंद्यांशी वैर होते, पण तो आतून इंग्रजांना मिळाला आणि ७ एप्रिलच्या रात्री झोपेत असताना तात्या पकडले गेले. शिवपुरी येथे लष्करी न्यायालयापुढे सरकारविरुद्ध बंड केल्याचा आरोप ठेवण्यात आला. आपण इंग्रजांची प्रजा कधीच नव्हतो, आपले धनी पेशवे, त्यांच्या आज्ञेनुसार आपण वागलो, तेव्हा बंडाचा आरोप लागूच होत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीनेही या मुद्द्यास वजन होते. ते ऐकले गेले नाही. आपल्या कृत्यांसाठी कुटुंबीयांस त्रास देऊ नये एवढीच विनंती त्यांनी केली. १८ एप्रिल १८५९ रोजी सायंकाळी त्यांना फाशी देण्यात आले. गळ्यातील फास त्यांनी स्वतःच्या हाताने घालून घेतला असे सांगतात.

फाशी गेलेले तात्या नव्हतेच, ते निसटून साधुवेषात राहिले, अशी श्रद्धा अनेक ठिकाणी आढळते. त्यास भक्कम पुरावा मिळालेला नाही. रावसाहेबांना १८६२ मध्ये कानपूर येथे फाशी झाली आणि नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले.

शिवपुरी येथे तात्यांचा पुतळा उभारलेला आहे. भोपाळमधील एका मोठ्या वसाहतीस त्यांचे नाव आहे, आणि भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. येवला हे नाशिकपासून सुमारे ८० व शिर्डीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. येवल्याहून मनमाडकडे निघाल्यावर काही अंतराने समोर अंकाई-टंकाईचे दोन डोंगर दिसू लागतात.